फुकट प्रवास, तरी तिकीट का फाडतात? (माहिती प्रणाली शिकवताना)

गिरणाकाठ | सोमवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात मी तासिका तत्त्वावर शिकवतो. बीसीएच्या पहिल्या वर्षाचा 'इन्फर्मेशन सिस्टिम्स'चा ओळखीचा पेपर गेली चार वर्षं माझ्याच गळ्यात आहे. गळ्यात म्हणतोय, कारण तो कोणालाच नको असतो. प्रोग्रामिंगवाल्यांना तो कॉमर्सचा वाटतो, कॉमर्सवाल्यांना कॉम्प्युटरचा.

पहिली दोन वर्षं मी पीपीटी वाचली. शिकवली नाही, वाचली. हार्डवेअर, सॉफ्टवेअर, डेटा, माणसं आणि कार्यपद्धती असे पाच घटक. पोरांनी ते पाढ्यासारखे पाठ केले. एक दिवस सहज विचारलं, "तुमच्या गावातली दूध डेअरी ही माहिती प्रणाली आहे का?" बहात्तर पोरांपैकी एकाचाही हात वर नाही. मागून एक जण म्हणाला, "नाही सर, तिथं कॉम्प्युटर नाही, नुसतं मशीन आहे." पाचही घटक रोज सकाळी सहाला त्याच्या डोळ्यांसमोर रांगेत उभे असतात आणि त्याला दिसतं ते फक्त मशीन. त्या रात्री झोप लागली नाही असं म्हणणार नाही, पण चरफडलो जरूर.

मग वर्गातच डेअरी मांडली. वीस जणांना चिठ्ठ्या दिल्या, चिठ्ठीवर लिटर आणि फॅट. एक माप घेणारा, एक फॅट बघणारा, एक रजिस्टरवाला, एक दहा दिवसांनी पेमेंट करणारा. बाकीच्यांनी फक्त बघायचं आणि कुठे गडबड होते ते लिहायचं. सूचना एवढीच की पटापट उरका, दुधाची गाडी निघायची आहे.

बारा मिनिटांत सगळा बट्ट्याबोळ. रजिस्टरमधली लिटरची बेरीज आणि कॅनमधलं दूध जुळेना. एका पाटलाचं दूध दुसऱ्या पाटलाच्या नावावर. फॅटचा आकडा तोंडी सांगितला, ऐकणाऱ्याने साडेतीनचा साडेचार केला. पेमेंटवाला बोंबलतोय, कारण त्याच्यापर्यंत जे पोचलं तेच त्याच्यासाठी खरं.

मी विचारलं, आता कॉम्प्युटर कुठे ठेवाल? निम्मे म्हणाले रजिस्टरच्या जागी. तेव्हा एक मुलगी, एरवी तोंड न उघडणारी, म्हणाली, "सर, पण फॅट तोंडीच सांगितलं तर कॉम्प्युटरपण चुकीचंच छापेल ना?"

पुढचे दोन तास त्या एका वाक्यावर गेले. माझा अभ्यासक्रम तिथेच मागे पडला, तो अजून मागेच आहे.

दुसरा प्रयोग पाटलांचा. "वर्गातले सगळे पाटील उभे राहा." बावीस जण उठले. (खान्देशात शिकवणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही.) "राहुल सोडून बाकीचे बसा." चार उरले. "वडिलांचं नाव संजय?" तरी दोघे उभेच! वर्ग हसून लोळला. मग या दोघांची फी एकमेकांच्या खात्यात जाऊ नये म्हणून काय करायचं? गाव घ्या, म्हणे. गाव एकच निघालं. मोबाइल नंबर? "सर, रिचार्ज परवडलं नाही की पप्पा सिम बदलतात." शेवटी पोरं स्वतःच पीआरएनवर, म्हणजे विद्यापीठाने प्रत्येकाला दिलेल्या वेगळ्या नंबरवर, आली. 'प्रायमरी की' हा शब्द मी त्यानंतर फळ्यावर लिहिला. तोवर अर्थ वर्गात फिरत होता, नुसतं नाव लावायचं बाकी होतं.

आता अडचणी. एक, बाक जमिनीला ठोकलेले आहेत, गट करायचे कसे? दोन, चौघांच्या गटात एक राबतो आणि तिघे नाव लावतात. तीन, सत्राअखेरीच्या अभिप्रायात सहा जणांनी लिहिलं, "सर शिकवत नाहीत, आमच्याकडूनच करून घेतात." वरिष्ठांनी तो कागद मला वाचून दाखवला. चार, माझ्याकडची उदाहरणं संपली. तुम्ही काय करता?

---

जुना खडू | सोमवार, रात्री ११.२५

सर, लेख आवडला. पण तीस वर्षं खडू घासलेल्या माणसाचं थोडं ऐका.

चार क्रेडिटचा पेपर म्हणजे साठ तास. त्यात सुट्ट्या, गॅदरिंग, निवडणुकीची ड्युटी वजा करा. डेअरीवर तीन तास घालवलेत तर निर्णय सहाय्य प्रणाली, सिस्टिमची सुरक्षितता, ई-कॉमर्स कधी घेणार? परीक्षेत प्रश्न येतो, 'माहिती प्रणालीची व्याख्या लिहून घटक स्पष्ट करा.' तिथे पोरगं दुधाची गोष्ट लिहून आलं तर तपासणारा गुण देईल का?

आणि व्याख्यान म्हणजे पीपीटी वाचणं नव्हे. तुम्ही वाईट व्याख्यानाची तुलना चांगल्या खेळाशी करताय. हा कुठला न्याय?

---

गिरणाकाठ | सोमवार, रात्री ११.४८

खडू सर, शेवटचा मुद्दा मान्य. पीपीटी वाचणं हा माझा आळस होता, तो व्याख्यानाच्या माथी मारायला नको.

परीक्षेचं म्हणाल तर, प्रत्येक प्रयोगानंतर शेवटची दहा मिनिटं वह्या उघडायच्या आणि पुस्तकातली व्याख्या समोर ठेवायची. व्याख्येतल्या प्रत्येक शब्दाखाली आज वर्गात काय घडलं ते लिहायचं. 'इनपुट'खाली चिठ्ठी, 'प्रोसेस'खाली दर काढणं, 'फीडबॅक'खाली न जुळलेली बेरीज. परीक्षेत व्याख्या इंग्रजीत, उदाहरण आपलं. खरं सांगायचं तर निकालात फार फरक पडलेला नाही, उगाच फुशारकी मारत नाही. फरक तोंडी परीक्षेत दिसतो. पूर्वी बाहेरचे परीक्षक 'उदाहरण द्या' म्हणाले की पोरं पुस्तकातल्या अमेरिकन सुपरमार्केटचं नाव सांगून गप्प बसायची. आता एकाने त्यांच्याशी वाद घातला.

---

तापीपूल | मंगळवार, सकाळी ७.१०

भो, 'सर शिकवत नाहीत' हे वाक्य जगभरातल्या मास्तरांना ऐकावं लागतं. २०१९ मध्ये हार्वर्डमध्ये लुई डेलोरियर आणि सहकाऱ्यांनी भौतिकशास्त्राच्या वर्गांवर हेच तपासलं. मजकूर तोच. एका गटाला कसलेल्या शिक्षकाचं गुळगुळीत व्याख्यान, दुसऱ्याला स्वतः झटापट करत सोडवायला लावलं. चाचणीत दुसरा गट पुढे. पण 'तुम्ही किती शिकलात?' विचारल्यावर व्याख्यानवालेच म्हणाले, आम्ही जास्त शिकलो! ऐकताना सगळं सोपं वाटतं आणि तेच शिकणं वाटतं. झटापटीत आपलं अडाणीपण उघडं पडतं, ते कोणाला आवडणार?

खडू सरांसाठी, 'वाईट व्याख्यानाशी तुलना' ही तक्रार इथे लागू होत नाही, कारण तिथलं व्याख्यान चांगलंच होतं. त्याआधी २०१४ मध्ये स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान-अभियांत्रिकीचे २२५ अभ्यास एकत्र मांडले होते. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गात नापास होण्याची शक्यता सुमारे दीडपट निघाली.

आता ठोकलेले बाक. याला सोपा उपाय आहे. पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या रांगेने फक्त मागे वळून बसायचं. झाले गट. त्याहून सोपं म्हणजे शेजारी. हार्वर्डचेच एरिक माझूर १९९१ पासून असं करतात. चार पर्यायांचा एक प्रश्न टाकायचा, आधी प्रत्येकाने एकट्याने मत द्यायचं, मग शेजाऱ्याशी भांडायचं, मग पुन्हा मत. पहिल्या फेरीत साधारण ३० ते ७० टक्के बरोबर आले तरच भांडण लावण्यात अर्थ. त्याहून कमी असतील तर तुम्हीच समजावा, जास्त असतील तर पुढे चला. मशीन-बिशीन काही नको. छातीशी बोटं धरायची, एक बोट म्हणजे पहिला पर्याय. शेजाऱ्याला दिसत नाही, आपल्याला दिसतं.

एकच सांगतो. प्रश्न असा हवा की हुशार पोरगंही फसलं पाहिजे. व्याख्या विचारलीत तर भांडण होतच नाही.

---

सातपुड्याची | मंगळवार, दुपारी १.३०

डबा खाताखाता लिहितेय. मी नंदुरबार जिल्ह्यात शिकवते, बीकॉमला हाच पेपर थोडा वेगळ्या नावाने आहे.

फसणारा प्रश्न हवाय ना? घ्या. एसटीत पंचाहत्तरच्या पुढच्या आजोबांना प्रवास फुकट आहे. तरी कंडक्टर मशीनमधून शून्य रुपयांचं तिकीट काढून त्यांच्या हातात देतो. का?

माझ्या वर्गात पहिलं उत्तर आलं, "चेकर आला तर दाखवायला." दुसरं, "मशीनला सवय आहे म्हणून"! मग शेजाऱ्यांची भांडणं सुरू झाली. मार्च २०२३ पासून बायकांना निम्मं तिकीट आहे, तेही कोणीतरी मध्ये आणलं. उरलेले पैसे देतं कोण? सरकार. सरकार कशावरून देतं? किती जण बसले त्यावरून. किती बसले ते कुठून कळणार? आणि मग तो क्षण येतो, मुलांचे चेहरे बदलतात. तिकीट आजोबांसाठी नाहीच, मंत्रालयासाठी आहे!

त्या एका तिकिटावर व्यवहार प्रणालीपासून वरच्या अहवालापर्यंतची अख्खी शिडी चढता येते. कंडक्टरची रोजची पेटी, आगाराचा हिशोब, विभागाचा अहवाल, मग 'या मार्गावर गाडी वाढवायची का' हा निर्णय. तळाशी रोजचे व्यवहार आणि टोकाला निर्णय असा पुस्तकातला त्रिकोण मी आता फळ्यावर काढतच नाही, मुलंच काढतात. जिल्ह्यातली निम्मी मुलं एसटीने येतात, खिशात तिकीट असतंच.

भाषेचंही सांगते. चर्चा ज्या भाषेत होईल त्या भाषेत होऊ द्या. माझ्याकडे अहिराणी आहे, पावरी आहे, भिली आहे. पहिल्या वर्षी मी 'मराठीत बोला' म्हणायचे आणि वर्ग मुका व्हायचा. आता गटात काहीही बोला, फळ्यावर मराठी, वहीत इंग्रजी.

---

गिरणाकाठ | मंगळवार, दुपारी ३.०५

ताई, शून्याचं तिकीट उद्याच घेतो. धाग्याचं नावच बदलून टाकलं बघा.

माझ्या डोक्यात पुढचा प्रयोग सातबाऱ्याचा होता. पोरांना घरचा डिजिटल सातबारा आणायला सांगायचं. गट नंबर, खाते नंबर, ई-पीक पाहणीत शेतात उभं राहून फोटो काढून नोंदवलेलं पीक, सगळं त्यात येतं. घरच्या कागदावर डेटाबेस शिकवायचा. कसं वाटतं?

---

सातपुड्याची | मंगळवार, दुपारी ३.४०

नका करू.

रागावू नका, पण माझ्या वर्गात कितीतरी घरांत सातबारा नाही. काहींकडे वनपट्टा (वनहक्काची जमीन) आहे, काहींचा दावा अजून मंजूर व्हायचाय, काहींकडे दोन्ही नाही. तुमच्याकडेही मजुरांची पोरं असतील. 'सर, आमच्याकडे नाहीये' हे वाक्य साठ जणांसमोर बोलायला लावायचं का? शिवाय कोणाची किती एकर आणि कोणावर कोणत्या बँकेचा बोजा, हे वर्गाला कशाला कळायला हवं? माहितीच्या गोपनीयतेचा धडा आपण पुढे शिकवणार आणि सुरुवातीलाच तो मोडणार.

बनावट सातबारा तयार करा. नावं, गट नंबर मनाचे. त्यात मुद्दाम चार चुका घाला आणि शोधायला लावा.

---

गिरणाकाठ | मंगळवार, दुपारी ३.५५

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. शिकवतोय गोपनीयता आणि निघालो होतो पोरांचे बोजे वाचायला. रद्द.

---

खिचडी-कढी | मंगळवार, रात्री ९.२०

गोट खरी शे ताईनी.

मी मूळचा अमळनेरचा, पोटासाठी पुण्यात. बारा वर्षं डेटाबेसवरच जगतोय. आमच्या गावात १९४५ साली वनस्पती तुपाचा कारखाना निघाला आणि तीच कंपनी पुढे सॉफ्टवेअरची विप्रो झाली, त्यामुळे अमळनेरकराला या विषयावर बोलायचा जन्मसिद्ध हक्क आहे असं मी धरून चालतो. (शेअर्स मात्र आमच्या आजोबांनी घेतले नाहीत. तो घरगुती दुःखाचा विषय आहे.)

सर, तुमचे दोन राहुल पाटील मला नोकरीतही भेटतात, फक्त त्यांची संख्या लाखांत असते. एकच ग्राहक तीनदा, तीन ग्राहक एकदाच. कॉलेजातून येणाऱ्या पोरांना क्वेरी (डेटाबेसमधून माहिती मागवायची आज्ञा) लिहिता येते, पण 'हे दोघं एकच आहेत का?' हा प्रश्न पडत नाही.

त्याच खेळात पुढे जॉइन, म्हणजे दोन तक्ते एकमेकांना जोडणं, घ्या. एका बाजूला पोरं, हातात स्वतःच्या पीआरएनचं कार्ड. दुसऱ्या बाजूला पोरं ग्रंथालयाची पुस्तकं बनून, हातात पुस्तक नेणाऱ्याच्या पीआरएनचं कार्ड. शिट्टी वाजली की जोडीदार शोधा. ज्यांनी पुस्तकच नेलं नाही ते एकटे उभे राहतील. त्यांना यादीत ठेवायचं की काढायचं? ठेवलं तर लेफ्ट जॉइन, काढलं तर इनर. एकाने तीन पुस्तकं नेली असतील तर त्याच्याभोवती तिघांचा घोळका होतो. तो बघितलेला पोरगा 'वन टू मेनी' (एकाला अनेक) जन्मात विसरणार नाही. आणि एखादं पुस्तक असं ठेवा की त्यावरचा पीआरएन वर्गात कोणाचाच नाही. ते बिचारं फिरत राहतं. मग विचारा, याला आत घेतलं कोणी?

---

तापीपूल | मंगळवार, रात्री १०.०२

झकास. यात मी पुरवठा साखळीचा खेळ जोडतो. एमआयटीत १९६० च्या दशकापासून 'बिअर गेम' खेळतात. किरकोळ विक्रेता, घाऊक विक्रेता, वितरक आणि कारखाना अशा चार खुर्च्या. एकमेकांशी बोलायचं नाही, फक्त ऑर्डरची चिठ्ठी सरकवायची. माल पोचायला दोन आठवडे. गिऱ्हाइकाची मागणी सुरुवातीला आठवड्याला चार पेट्या, मग एकदाच वाढून आठ होते आणि तिथेच राहते. एवढ्याशा बदलाने कारखान्याची ऑर्डर कुठल्या कुठे उडते, मग गोदामं तुंबतात.

आमच्याकडे नाव ऐकूनच वरच्या मजल्यावरून बोलावणं आलं. म्हणून मी बिअरच्या जागी केळी घेतली. रावेरचा शेतकरी, तिथला व्यापारी, दिल्लीचा घाऊक, दिल्लीचा हातगाडीवाला. मस्त रंगतो.

---

डाळमिल | मंगळवार, रात्री १०.५१

मी मास्तर नाही, हा धागा मुलीने दाखवला. जळगावात आमचा डाळीचा धंदा आहे, आजोळ यावलचं, तिथे केळी.

तापीपूल साहेब, तुमचा खेळ केळीवर चालणार नाही. केळी थांबते का? घड तयार झाला की कापावाच लागतो. दिल्लीवाल्याने आज दुप्पट मागितली म्हणून शेतकरी दोन आठवड्यांनी दुप्पट कशी देणार? त्याने मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीची लागवड) लावली तेव्हा दिल्लीवाल्याला स्वप्नही पडलं नव्हतं. शेतकऱ्याच्या हातात ऑर्डर नसते, भाव असतो, आणि तोही दुसऱ्याने काढलेला. उरलेला माल गोदामात ठेवायचा म्हणता, आठवड्याने त्या गोदामात काय उरेल?

तुमची पोरं केळीवाल्यांची आहेत. ती तोंडावर बोलणार नाहीत, पण मनात म्हणतील, सरांना केळीतलं काही कळत नाही.

डाळ घ्या. डाळ टिकते, साठते, आणि तुम्ही सांगताय ते आमच्याकडे दरवर्षी होतं. तुरीचा भाव चढतोय असं दिसलं की किराणावाला नेहमीच्या दहा पोत्यांऐवजी वीस मागवतो. घाऊकवाल्याला वाटतं मागणी वाढली, तो चाळीस मागवतो. आम्ही मिल दोन पाळ्यांत चालवतो. महिन्याने सगळ्यांची गोदामं भरलेली आणि कोणी फोन उचलत नाही. खाणारी तोंडं तेवढीच होती!

---

तापीपूल | मंगळवार, रात्री ११.१५

साष्टांग नमस्कार. दोन वर्षं मी केळीवर खेळवलं आणि एकही पोरगं बोललं नाही. आता कळतंय ती गालात का हसायची.

---

जुना खडू | बुधवार, सकाळी ६.३०

मला आता थोडं माघारी यावंसं वाटतंय. सगळं नाही, थोडंच.

डाळवाल्या भाऊंनी जे केलं ना, ते पोरांना करायला लावा. खेळ खेळवा आणि मग विचारा, हा खेळ केळीला का लागू होत नाही? मॉडेल कुठे मोडतं हे ज्याला सांगता आलं त्याला विषय आला. यावर मी स्वतः दहा गुणांचा प्रश्न काढेन.

आणि गटात फुकट बसणाऱ्यांचा माझा जुना इलाज. गट चौघांचा, पण उत्तर कोण देणार ते चिठ्ठी टाकून ठरवायचं, आणि चिठ्ठी उत्तराच्या वेळीच काढायची. जो निघेल त्याचे गुण चौघांना. पहिल्या आठवड्यात रडारड होते. दुसऱ्या आठवड्यापासून हुशार पोरगं बाकीच्या तिघांना बखोट धरून शिकवतं, कारण त्याचे गुण अडकलेले असतात.

साठ तासांचं मात्र माझं म्हणणं कायम आहे. सगळंच खेळून शिकवू नका. संगणकाच्या पिढ्या सांगायला कशाला नाटक? अर्ध्या तासात सांगा आणि मोकळे व्हा.

---

गिरणाकाठ | बुधवार, रात्री ८.४५

आज शून्याचं तिकीट टाकलं. बोटांनी मतं घेतली. पहिल्या फेरीत सत्तरपैकी एकोणीस बरोबर, म्हणजे तापीपूल यांच्या हिशोबाने मीच समजवायला हवं होतं. पण हात शिवशिवले, भांडण लावून दिलं. पाच मिनिटं नुसता गोंगाट, पोरं 'चेकर, चेकर'वरच अडून बसली. मग 'उरलेले पैसे कोण देतं?' एवढंच फळ्यावर लिहिलं आणि गप्प राहिलो. दुसऱ्या फेरीत एक्कावन्न. एका पोराचे वडील कंडक्टर निघाले. तो उठून म्हणाला, "सर, पप्पा रात्री हिशोब जुळवत बसतात तेव्हा शून्याची तिकिटंपण मोजतात. मला वाटायचं येडेपणा आहे."

खडू सर, चिठ्ठीचा इलाज उद्यापासून. आणि संगणकाच्या पिढ्या अर्ध्या तासात, शब्द देतो.

डाळमिल दादा, एक विनंती. पोरांना घेऊन एकदा तुमची मिल बघता येईल का? तूर आत येते तिथपासून पोतं बाहेर जातं तिथपर्यंत कुठे कुठे काय लिहिलं जातं, एवढंच त्यांनी टिपायचं. मशिनरी नाही, फक्त कागद आणि स्क्रीन.

---

डाळमिल | बुधवार, रात्री ९.३०

या की. पण बहात्तर पोरं एकदम नको, धुळीने खोकत बसतील. पंचवीस-पंचवीस आणा. शनिवारी दुपारी या, काम कमी असतं.

---

गिरणाकाठ | बुधवार, रात्री ९.३८

दुपारी जमणार नाही दादा. आमच्या निम्म्या मुलींची साडेचारची एसटी असते. ती चुकली की थेट सातची.

---

डाळमिल | बुधवार, रात्री ९.४४

मग सकाळी या. काटा आठला सुरू होतो. काट्यावरचा आमचा माणूस अजून आधी वहीत लिहितो आणि मग कॉम्प्युटरवर चढवतो, दोन्ही ठिकाणी. कितीदा सांगितलं, ऐकत नाही. तुमच्या पोरांनाच विचारायला लावा त्याला, का ते.